तोडीची हरणे आणि मुलांचे कान

चित्रात एक तरुणी रानात उभी आहे. खांद्यावर वीणा, भोवती हरणे, माना वर करून तिच्याकडे पाहत असलेली. रागमाला चित्रांचा थोडाफार परिचय असणारा कोणीही हे चित्र पाहताच 'तोडी' असे म्हणेल. सहा वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयाच्या सभागृहात, मुलांच्या रविवारच्या वर्गात, हे चित्र मी भिंतीवर मोठे करून दाखवले आणि सोबत मियाँ की तोडीतल्या विलंबित ख्यालाची पहिली सहा-सात मिनिटे ऐकवली. वर्गाचे नाव मीच मोठ्या हौसेने 'पाहा राग, ऐका चित्र' असे ठेवले होते. आठ ते बारा वयाची वीसेक मुले होती. गाणे थांबल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "काका, हे गाणं ऐकून मला भीती वाटली. मग हरणं पळून का नाही गेली?"

मी ठरावीक उत्तर दिले. ती तरुणी प्रियकराच्या विरहात आहे, तिच्या सुरांत करुणा आहे, म्हणून हरणे तिच्याजवळ आली आहेत, वगैरे. तिने मान डोलावली. मुले अशा वेळी मान डोलावतात ती विषय संपावा म्हणून. घरी आल्यावर मात्र मला तो प्रश्न सोडवेना. कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल धैवत यांच्या ताणातून जी तोडी उभी राहते तिच्यात आणि त्या शांत, हिरव्या, हरणांनी भरलेल्या रानात नेमके काय समान आहे, हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हते. मी ते समान आहे असे ऐकत आलो होतो आणि तेच पुढे सांगत होतो.

हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, पाहिले आणि वर्गात बदलून पाहिले त्याविषयी आहे. मुलांना अभिजात चित्रकला आणि अभिजात संगीत एकत्र शिकवायचे म्हटले की आपल्याकडे रागमालेकडे बोट दाखवले जाते. 'रागाचे दृश्य रूप', 'गोठलेले संगीत' असे शब्दप्रयोग पुस्तिकांतून, प्रदर्शनांच्या फलकांवरून आणि आस्वादाच्या वर्गांतून फिरत असतात. मोठे श्रोते ते सौजन्याने स्वीकारतात. मुले ते शब्दशः घेतात, आणि मग त्यांची तक्रार सुरू होते. ती तक्रार योग्य आहे असे माझे आता मत आहे.

प्रथम हे पाहू की चित्र आणि राग यांची गाठ कशी पडली. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात रागांना देवता आहेत, ऋतू आणि प्रहर आहेत, पण रागाचे चित्र डोळ्यांपुढे उभे करणारे वर्णन हा त्याचा विषय नाही. अशी ध्याने पुढे येतात. सुधाकलश या जैन ग्रंथकाराने १३५० मध्ये गुजरातेत लिहिलेल्या 'संगीतोपनिषत्सारोद्धारा'त राग मूर्तीसारखे दिसतात: इतके हात, हे वाहन, हा वर्ण. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका पश्चिम भारतीय जैन पोथीच्या समासात अशा मूर्ती रंगवलेल्याही आहेत. त्या पाहून कोणाला गाणे आठवेल असे वाटत नाही. देवघरातल्या तसबिरीसारख्या त्या आहेत.

मग या देवतांची माणसे झाली. राग नायक झाले, रागिण्या नायिका झाल्या, आणि संस्कृत-ब्रज काव्यातला नायिकाभेद सगळाच्या सगळा रागांच्या घरात राहायला आला. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, असा छत्तीसांचा संसार राजस्थानी चित्रकारांना सर्वाधिक मानवला. रेवा दरबारच्या क्षेमकर्णाने १५७० मध्ये त्यात पुत्रही घातले आणि संख्या ८४च्या घरात नेली. पहाडी चित्रकारांनी ही मोठी कुटुंबे रंगवली.

आपल्या भूमीशी याचा संबंध जवळचा आहे, आणि तो मुलांना सांगण्यासारखा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनेत, बऱ्याच अभ्यासकांच्या मते अहमदनगरच्या परिसरात, एक रागमाला रंगवली गेली. तिची पाने पुढे बिकानेरच्या संग्रहात गेली. तिच्यातला हिंडोल दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. झोक्यावर नायक, भोवती स्त्रिया, त्यांच्या वस्त्रांची वाऱ्यावर उडणारी टोकदार टोके, आणि वर संस्कृत मजकुराची पट्टी. या पानांतला रंग इतका धीट आहे की त्यापुढे नंतरची अनेक राजस्थानी पाने मवाळ वाटतात. १६०५ मध्ये मेवाडात चावंड येथे नसीरुद्दीनाने आणि १६२३ मध्ये मारवाडात पाली येथे विरजीने रंगवलेल्या माला मी मुलांना त्यांच्या शेजारी ठेवून दाखवतो. विरजीची चित्रे ठळक, साधी, लोकचित्रांच्या जवळची आहेत आणि मुलांना तीच सर्वांत आवडतात. मोठ्यांना दख्खनी आवडते. या आवडीनिवडीत रागाचा काही वाटा असतो, असे मला एकदाही दिसलेले नाही.

इथे मूळ प्रश्न येतो. चित्रकाराने राग ऐकून चित्र काढले का? क्लाउस एबेलिंग यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात निरनिराळ्या राज्यांतली शेकडो रागमाला चित्रे तपासली आहेत. ती ओळीने पाहिली की एक गोष्ट ठसते. दोनशे वर्षे, वेगवेगळ्या दरबारांत, तोडीची हरणे हटत नाहीत, आसावरीचे साप हटत नाहीत, ककुभेचे मोर हटत नाहीत. या दोनशे वर्षांत गायन मात्र धृपदातून ख्यालाकडे वळत होते, घराणी निर्माण होण्याच्या मार्गावर होती, रागांचे स्वर बदलत होते. चित्रकाराच्या हाती श्लोक होता आणि गुरूने दिलेला नमुना होता. तो त्यांच्याशी इमानी राहिला. दरबारात त्याच रात्री तोडी कशी गायिली गेली याची त्याला आपल्या कामासाठी गरज नव्हती.

स्वर बदलले हे म्हणणे सैल वाटू नये म्हणून तोडीचाच दाखला घेऊ. लोचनाच्या 'रागतरंगिणी'त तोडीची जी स्वरसंस्थिती येते ती आजच्या भैरवीशी जुळते: रे, ग, ध, नी कोमल आणि मध्यम शुद्ध. कर्नाटक संगीतात तोडी आजही याच स्वरांची आहे. आणि त्याच लोचनाची भैरवी आजच्या काफीच्या जवळ आहे. त्या काळी शुद्ध सप्तकच आजच्या काफीसारखे होते. बिलावल हे शुद्ध सप्तक मानण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. म्हणजे चित्रातल्या तरुणीच्या वीणेतून जे स्वर निघत असतील त्यांना आज आपण दुसऱ्याच नावाने हाक मारतो. मी वर्गात वाजवलेली मियाँ की तोडी तिच्या कानावर पडली असती तर तिला ती ओळखू आली असती का, याची मला शंका आहे. हरणांचे तर सोडाच.

भातखंड्यांना ही तफावत पुरेपूर कळली होती. १९१०पासून त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे भाग मराठीत लिहिले, तेही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने. आजच्या वाचकाला त्याची भाषा लांबण लावणारी वाटेल, पण शिष्याला शंका विचारू देणारा असा दुसरा संगीतग्रंथ मला ठाऊक नाही. राग-रागिणी-पुत्र ही कुटुंबव्यवस्था आज गायिल्या जाणाऱ्या संगीताला लागू पडत नाही, हे त्यांनी ठामपणे मांडले आणि दहा थाटांची मांडणी पुढे केली. थाटांवर आक्षेप आहेत, तेही रास्त आहेत. पण संगीताच्या शाळांतून राग-रागिणी गेली आणि चित्रांच्या ओळखीतून मात्र ती मागल्या दाराने परत आली, हे विचित्र आहे. जी गोष्ट गाण्याच्या परीक्षेला बसलेल्या मुलाला आपण इतिहास म्हणून सांगतो, तीच चित्राच्या वर्गात वर्तमान म्हणून सांगतो.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. नाद आणि रूप यांना एकत्र धरणारे लोक खरोखर होते. मूळचा कर्नाटकातला पुंडरीक विठ्ठल खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या दरबारी, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात, होता. त्याने १५७६ मध्ये लिहिलेल्या 'रागमाला' ग्रंथात रागाचे ध्यान आणि रागाचे स्वर दोन्ही आहेत. सोमनाथाच्या १६०९च्या 'रागविबोधा'त तर रागाला दोन रूपे आहेत, एक नादाचे आणि एक देवतेचे, असा स्पष्ट विचार आहे. क्षेमकर्णही निव्वळ चेहऱ्यांवर थांबत नाही. तो रागांच्या ध्वनींना पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, पाण्याच्या आणि घरकामाच्या आवाजांची उपमा देतो, आणि पहाडी चित्रकारांनी काही वेळा हेच आवाज चित्रात आणले आहेत. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण इथे कान जागा आहे. पण ही वाट अरुंद राहिली. पुंडरीक आणि सोमनाथ गवयांचे आणि पंडितांचे राहिले, आणि राजस्थानातल्या बहुसंख्य चित्रकारांनी हाताशी असलेली तयार ध्याने घेतली.

पाश्चात्त्य संगीतात मुलांना चित्र आणि संगीत एकत्र शिकवताना मुसोर्गस्कीची १८७४ची 'प्रदर्शनातील चित्रे' ही पियानोरचना हमखास वापरतात. त्याचा मित्र व्हिक्टर हार्टमन वारला, त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, ते पाहून मुसोर्गस्कीने ही रचना केली. हार्टमनची त्यातली बहुतेक चित्रे आज उपलब्ध नाहीत. अंड्याच्या कवचातल्या पिल्लांच्या पोशाखाचे रेखाटन उरले आहे, आणि ते पाहिल्यावर तो छोटा, टकटक करणारा तुकडा ऐकताना मुले हसतात. तिथे संगीत उरले आणि चित्रे गेली. आपल्याकडे उलट झाले आहे. चित्रे संग्रहालयांत सुखरूप आहेत आणि ज्या नादासाठी ती काढली असे म्हणतात तो नाद हवेत विरला आहे. मुसोर्गस्की ऐकणारे मूल चित्राची कल्पना करते आणि ते तसेच सांगतात. आपण मात्र हरवलेल्या नादाच्या जागी आजचा राग बसवतो आणि मुलाला सांगतो की हा तोच.

माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना, जे पन्नास वर्षे गाणे शिकवत आहेत, मी हे सगळे ऐकवले. ते म्हणाले, "अहो, मुलांना आधी गोडी लागू द्या. खरे-खोटे मोठेपणी बघतील." या म्हणण्यात वजन आहे. चित्रामुळे मूल सहा मिनिटे विलंबित ख्याल ऐकते, एरवी दोन मिनिटेही ऐकणार नाही. पण गोडी कशाची लागते ते पाहिले पाहिजे. माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या मुलांना गोष्टीची गोडी लागली. गाणे सुरू असताना ती गोष्टीतली माणसे शोधत. स्वर त्यांच्या दृष्टीने पार्श्वसंगीत होता. त्याहून वाईट म्हणजे ज्या मुलाला स्वतःच्या कानाने वेगळे काही ऐकू येत होते त्याला वाटे की आपलेच चुकते आहे. त्या मुलीच्या मान डोलावण्याचा अर्थ मला असा लागतो. ऐकणे शिकवण्याच्या वर्गात मी तिला आपल्या कानावर अविश्वास ठेवायला शिकवले होते.

शिवाय गोष्टी तरी मुलांच्या असतात का? ललितचे चित्र घ्या. पहाटेची वेळ, नायिका शय्येवर झोपलेली, नायक हातात हार घेऊन बाहेर पडतो आहे. "तो कुठे चाललाय?" या प्रश्नावर एका मुलाने परस्पर उत्तर दिले, "त्याची सकाळची शिफ्ट असेल." मी त्याला दुरुस्त केले नाही. रामकलीत रुसलेली नायिका आणि पायाशी वाकलेला नायक आहे. शृंगाराची ही सगळी शब्दावली दहा वर्षांच्या मुलासाठी बंद दार आहे, आणि ते दार आत्ताच उघडावे असे कोणी म्हणणार नाही. म्हणून आपण चित्राचा अर्थही पातळ करतो. रागाविषयी अर्धसत्य आणि चित्राविषयीही अर्धसत्य, असा तो जोडव्यवहार होतो.

तिसऱ्या वर्षापासून मी क्रम बदलला. आधी चित्र, नाव न सांगता, आणि भिंतीवर मोठे न करता. ही पाने वहीच्या पानाएवढी असतात. ती मांडीवर धरून, एकाने पाहून दुसऱ्याकडे देत पाहण्यासाठी होती. दहा फुटांची केली की त्यांच्यातली बारीक कलाकुसर विस्कटते. मी छापील प्रती दोघांत एक अशा देतो. त्यानंतर गाणे, तेही नाव न सांगता, आणि मुद्दाम कधी चित्राच्या नावाचे, कधी भलतेच. मग विचारतो, हे दोन्ही एकमेकांशी भांडतात का? कुठे?

यातून जे निघाले ते माझ्या अपेक्षेपेक्षा निराळे होते. देशाख रागिणीच्या चित्रात कसरतपटू असतात. एक खांबाला वेटोळे घालून चढलेला, दुसरा वजन उचलणारा. मुले एका आवाजात ओरडली, "मल्लखांब!" रागिणीचे नाव घेऊन कसरत का, याचे समाधानकारक उत्तर मला श्लोकापलीकडे देता येत नाही, आणि मी तसे सांगितले. पण त्यानंतर लावलेल्या द्रुत तराण्यात एका मुलाला तीच कसरत दिसली. "तो खाली येतो आणि परत वर जातो, पण प्रत्येक वेळी जरा वेगळा." तो समेविषयी बोलत होता, सम हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. तराणा वेगळ्याच रागातला होता. तरीही चित्र आणि संगीत यांना जोडणारे जे काही आहे ते त्या दिवशी मला तोडीच्या हरणांपेक्षा या वाक्यात अधिक सापडले.

मर्ढेकरांची आठवण इथे होते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सर्व कलांना व्यापतात, असे त्यांनी म्हटले, आणि त्यावर आपल्याकडे पुष्कळ वादही झाले. सिद्धान्त म्हणून ते मला पूर्ण पटत नाही. सगळ्या कलांचे सौंदर्य तीन तत्त्वांत आटोपते हे मानणे कठीण आहे. पण वर्गात ते उपयोगी पडते. चित्रात लाल पार्श्वभूमीवर एकच हिरवा घागरा आहे आणि गाण्यात बऱ्याच वेळाने एकदाच तार षड्ज लागतो. यांची तुलना मूल स्वतः करू शकते, तपासू शकते, नाकारू शकते. 'करुण' आणि 'शृंगार' त्याला नाकारता येत नाहीत, कारण ते आपण वरून दिलेले असतात. इथेही सावध राहावे लागते. तंबोरा म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, ही उपमा मी एकदा उत्साहात दिली, आणि एका मुलाने विचारले, "मग तंबोरा बंद केला तर चित्र पांढरं होईल का?" मला ती उपमा मागे घ्यावी लागली.

मेघासारख्या ठिकाणी मात्र जुना मार्ग अजून चालतो, असा माझा अनुभव आहे. काळे ढग, बगळ्यांची रांग, नाचणारा कृष्ण, आणि बंदिशीच्या शब्दांतही तोच पाऊस. इथे चित्राला आणि गाण्याला जोडणारा दुवा स्वरांइतकाच शब्दांचा आणि ऋतूचा आहे, हे सांगितले की पुरे. एकदा मी शब्द नसलेला, सतारीवरचा मेघ लावला. वीसपैकी तिघांना पाऊस ऐकू आला. बाकीच्यांपैकी एकाला रेल्वे स्टेशन ऐकू आले. मी ते फळ्यावर लिहिले.

ती चौथीतली मुलगी पुढच्या वर्षीही येत होती आणि त्याच्या पुढच्याही. तोडीचा विषय तिसऱ्या वर्षी परत निघाला तेव्हा मी पेटी घेतली आणि 'रागतरंगिणी'च्या तोडीचे स्वर नुसते, सावकाश, आरोह-अवरोहाने वाजवले. दुसऱ्या अवरोहालाच ती म्हणाली, "ही तर भैरवी. आजी भजनाच्या शेवटी म्हणते." मी म्हटले, हो, आता तिला भैरवी म्हणतात, चित्र काढले तेव्हा बहुधा तोडी म्हणत असतील. स्वरांची ही यादी म्हणजे गाणे नव्हे, ते कसे गायचे हे आपल्याला पुरते परत मिळणार नाही, हेही सांगितले. तिने चित्र जवळ ओढले, बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "आणि भैरवीचं चित्र कुठलं? त्यात कोण आहे?"

ते पान त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. पुढच्या रविवारी नेले. शिवमंदिरात पिंडीपुढे बसलेली, हातात झांजा घेतलेली एक बाई. आम्ही ती तोडीच्या शेजारी ठेवली आणि तिथून सुरुवात केली.